अहो, तुमच्या बाजूला…

शुक्रवारची सकाळ ही माझी लोळायची हक्काची वेळ. शारजातल्या शाळेत आठवडाभर पोरांच्या डोक्यात बीजगणित कोंबून झालं, की शुक्रवारी मला लवकर उठवायची कुणाची हिंमत नसते. त्या शुक्रवारी मात्र फोन उजाडतानाच वाजला. पलीकडे मधुरा होती, माझ्या भावाची मुलगी. "आत्या, आई गेली," एवढंच म्हणाली. मधुरा इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा आमचा जुना रिवाज. ती मराठीत बोलली तेवढ्यावरूनच मी उठून बसले, शब्दांचा अर्थ मागाहून पोचला. आदल्या संध्याकाळी कुंदावहिनी चहा गाळता गाळता ओट्यापाशी कोसळली. मेंदूत रक्तस्राव. हॉस्पिटलात नेईपर्यंत शुद्ध हरपली होती आणि पहाटे सगळंच संपलं. जेमतेम पन्नाशीची होती.

मला गाडी चालवता येत नाही. टॅक्सी करून मसाफीच्या डोंगरातून दादा-वहिनीच्या फुजैराला पोचले, तर हॉस्पिटलच्या मागच्या खोलीत दादा तिच्या पायाशी उभा होता. पांढऱ्या चादरीवरून त्याने तिचा घोटा धरून ठेवला होता. दादाला दिसत नाही. आधी थोडं दिसायचं, मग अगदी थोडं, आणि हे नवं शतक लागलं त्या सुमारापासून काहीच नाही. माझ्या चपलांचा आवाज ओळखून तो म्हणाला, "शैला ना? कशी दिसतेय गं ती?" खोलीत चार-पाच शेजारी होते, सगळे आमच्यासारखेच मुंबई-पुण्याचे, नोकरीला आलेले. त्यांनी आधीच सांगितलं असणार, शांत झोपल्यासारखी दिसते म्हणून. मी पाहिलं. कपाळावर पडल्याची जखम होती, ओठ किंचित उघडे होते. आणि मीही तेच म्हणाले, "शांत दिसतेय रे." दादाने मान हलवली. "सगळे हेच सांगतायत," म्हणाला. त्या क्षणी मला वहिनीच्या जाण्याचा खरा अर्थ कळला. दादाला आता खरं कोण सांगणार?

वहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी कॉलेजात होते. नणंद या नात्याने तिच्यात खोट काढणं हे माझं कामच होतं, आणि ते मी मनापासून केलं. फार शोधावंही लागलं नाही. बाई कोरडी होती. गोड बोलणं तिला जमायचंच नाही. लग्नानंतरच्या पहिल्या होळीला मी हौसेने पुरणपोळ्या केल्या. घरातले सगळे वा वा करत होते. वहिनीने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "पुरण जरा कोरडं झालंय, पण वेलची छान." मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिला ते कळलंसुद्धा नाही, कारण तिच्या लेखी तिने वेलचीचं कौतुक केलं होतं! पुढे मला कळलं, की ती कुणाला लागेल असं मुद्दाम बोलत नाही, तसं बरं वाटावं म्हणूनही काही बोलत नाही. जे आहे ते आहे. जे ठाऊक नाही त्याला ती सरळ "माहीत नाही" म्हणे. आपल्याकडे किती माणसं असं म्हणतात? रस्ता विचारला तरी चुकीचा सांगतील, पण माहीत नाही म्हणणार नाहीत.

दादाला फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर इंजिनिअरची नोकरी लागली. पाठोपाठ काही वर्षांनी मी शारजाच्या शाळेत आले आणि बहुतेक आठवड्यांची सुट्टी त्यांच्याकडे काढू लागले. त्यांच्या फ्लॅटच्या गॅलरीतून समुद्र दिसायचा, आणि समुद्रात तेल भरायला थांबलेली जहाजं. अंधार पडला की त्यांचे दिवे लागत. जेवण झाल्यावर दादा गॅलरीत उभा राहून जहाजं मोजायचा. एका रात्री तो म्हणाला, "आज जहाजं फारच कमी आहेत." मी बघितलं तर सगळा समुद्र दिव्यांनी भरलेला. वहिनी हात पुसत बाहेर आली, तिने समुद्राकडे बघितलं, दादाकडे बघितलं. "कमी नाहीत," ती म्हणाली. "तुम्हाला दिसत नाहीयेत."

डॉक्टरांनी या आजाराचं जे लांबलचक नाव सांगितलं ते मी इथे लिहीत नाही. आधी रातांधळेपणा येतो, मग नजर कडेकडेने मिटत जाते, नळीतून बघावं तेवढाच एक तुकडा उरतो, आणि शेवटी तोही जातो. किती वर्षांत, ते सांगता येत नाही. औषध नाही. दादा मुळातला हसरा माणूस, पण त्या दिवसांत तो नुसता सोफ्यावर बसून राही. टर्मिनलवरच्या उंच जिन्यांवर त्याला आता पाठवणं शक्यच नव्हतं. वरिष्ठ भले होते, त्यांनी त्याला ऑफिसात फोनवरचं काम दिलं. कुठलं जहाज कधी लागणार, कुणाला किती तेल हवं, हे सगळं त्याच्या डोक्यात पक्कं असायचं. प्रश्न होता त्याला नेण्या-आणण्याचा. वहिनी म्हणाली, "मी गाडी शिकते."

पुण्यात असताना ही बाई सायकलपलीकडे गेली नव्हती. इथलं लायसन मिळवणं म्हणजे काय असतं, ते इथे राहिलेल्या माणसालाच माहीत. परीक्षा घ्यायला पोलिस बसतो, आणि "मदाम, खलास. नेक्स्ट टाइम, इन्शाल्ला," हे वाक्य वहिनीने इतक्यांदा ऐकलं की आम्ही घरात तिची नक्कल करायला लागलो. तिला शिकवायला एक धिप्पाड सुदानी बाई होती. वहिनी स्टिअरिंगला घोरपडीसारखी चिकटून फक्त समोरचं बघते, हे त्या बाईच्या लक्षात आलं. मग तिने एक युक्ती काढली. गाडी चालू असताना ती मध्येच ओरडायची, "शू फी?" म्हणजे, काय आहे? "इधर शू फी? उधर शू फी? बोलो, बोलो, यल्ला!" आणि वहिनीने दिसेल ते मोठ्याने सांगायचं. डावीकडे ट्रक. उजवीकडे मशीद. मागे टॅक्सी, हॉर्न मारतेय. बोलता बोलता वहिनीची मान फिरायला लागली, खांदे सैल झाले, आणि एके दिवशी ती लायसन घेऊन घरी आली. पेढे मिळाले नाहीत म्हणून बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, खजूर आणून वाटले.

सवय मात्र राहिली. दादाला शेजारी बसवून ती ऑफिसला निघाली, की तोंडाने दिसेल ते चालूच. पहिल्यांदा ते स्वतःसाठीच होतं. मग हळूहळू, दादाची नजर आक्रसत गेली तसं, ते त्याच्यासाठी झालं. डावं-उजवं ती म्हणत नसे. "अहो, तुमच्या बाजूला" आणि "अहो, माझ्या बाजूला", एवढ्या दोनच दिशा तिला पुरत. सुट्टी संपली की मला शारजाला सोडायला तिघंही यायचे. मसाफी ओलांडल्यावर रस्त्याकडेला एक एकटं झाड होतं. इथले लोक त्याला घाफ म्हणतात. ते झाड म्हणजे आपली शमी, हे वहिनीनेच हुडकून काढलं होतं. दसऱ्याला इथे आपटा कुठला मिळायला, ती या शमीची चार पानं खुडून आणायची. शारजाला जाताना वहिनीची बातमी ठरलेली. "अहो, तुमच्या बाजूला शमी आली. खाली शेळ्या बसल्यात." कधी, "आज शेळ्या नाहीत." दादा मधूनच सुदानी बाईच्या आवाजात विचारायचा, "शू फी?" आणि मागच्या सीटवर मधुरा आणि मी खिदळायचो.

दादाची एक जुनी इच्छा होती. मोकळा हत्ती बघायची. साखळी नाही, माहूत नाही, असा. मी म्हटलं, "त्यासाठी केरळात जा की." तर म्हणाला, "झाडीत मला सापडेल का आता?" ते खरंच होतं. नळीएवढ्या नजरेला झाडीतला हत्तीसुद्धा सापडत नाही. ऑफिसातल्या कुणीतरी त्याला नामिबियाचं सांगितलं. कोरडा, उघडा मुलूख. पाणी मोजक्याच ठिकाणी. आपण पाणवठ्याशी गाडी लावून बसायचं, जनावरं आपणहून येतात. वहिनीने टूर कंपन्यांच्या मोठ्या गाड्यांची चौकशी केली आणि सोडून दिली. "दुसऱ्याच्या गाडीत यांना दिसायच्या आत गाडी पुढे जाईल. आपली आपण चालवू." फुजैरातल्या मराठी मंडळींनी तिला वेड्यात काढलं. नजर जात चाललेला नवरा, शाळकरी पोरगी, गाडी न येणारी नणंद, आणि आफ्रिका! वहिनीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि थालीपीठाची भाजणी करायला घेतली. शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली तसे आम्ही निघालो. तिथे तेव्हा कडाक्याची थंडी होती, आणि आमच्याकडे चौघांत मिळून दोन स्वेटर.

विमानतळावर आमच्या हवाली झालं ते एक पांढरं पिकअप. आमच्या फुजैरात अशातून सिमेंटची पोती जातात. मी म्हटलं, पुण्यात सांगू नका, जन्माची ट्रिप केली आणि पिकअपमधून फिरलो. खरी गंमत पुढेच होती. तिथे आपल्या भारतासारखंच डावीकडून चालवतात, स्टिअरिंग उजवीकडे. वहिनीचं ड्रायव्हिंग मात्र आखाती. पुण्याची बाई, पण डावीकडून गाडी आयुष्यात चालवलेली नाही. वळायचं म्हटलं की ती इंडिकेटर म्हणून जी दांडी ओढायची, तिने वायपर सुरू व्हायचे. महिनोन्महिने पाऊस नसलेल्या त्या मुलखात आमच्या काचेवर दर वळणाला वायपर फिरत. दुसऱ्या दिवशी पेट्रोल भरून ती निघाली ती सरळ उजव्या अंगाने. समोरून एक शेतकऱ्याचा ट्रक दिवे दाखवत येतोय, मधुरा "मॉम! राँग साइड!" करून किंचाळतेय, आणि दादा, ज्याला तो ट्रक दिसलासुद्धा नव्हता, शांतपणे म्हणाला, "कुंदा, डावीकडे घे. आपल्या लक्ष्मी रोडवर आहेस असं समज." तिने घेतलं. मग पुढचे सगळे दिवस हे काम त्याने अंगावर घेतलं. दर वळणाला, दर पंपावरून निघताना तो म्हणायचा, "डावीकडे," आणि ती म्हणायची, "हो." ती त्याला जग सांगत होती आणि तो तिला रस्ता. घरातलं कुणीतरी आपल्याला विचारून गाडी चालवतंय, याचं दादाला किती बरं वाटत होतं, ते त्याच्या ताठ झालेल्या पाठीकडे बघून मला कळत होतं.

अभयारण्याच्या मधोमध मिठागरासारखं पांढरंफेक पठार होतं, क्षितिजापर्यंत. त्याच्या कडेने पाणवठे. गाडीतून उतरायला मनाई, आणि सूर्य मावळायच्या आत कुंपणाच्या आतल्या मुक्कामी पोचायचं, नाहीतर फाटक बंद. आम्ही सकाळी थालीपीठं बांधून निघायचो आणि दिवसभर पाण्याकडे तोंड करून गाडीत बसायचो. झेब्रे आले, हरणं तर शेकड्यांनी आली. जिराफ आला आणि पाय फाकवून, लाजत लाजत पाणी प्याला. वहिनी सांगायची, दादाची नजर तिच्या शब्दांमागून शोधत जायची, आणि तुकडा सापडला की तो "हां… हां…" म्हणायचा. हत्ती मात्र येईनात. आम्ही ज्या पाणवठ्यावर बसू तिथून ते काल जाऊन आलेले असत. शेजारच्या गाडीतले गोरे आजी-आजोबा रोज संध्याकाळी आम्हाला हात करून सांगायचे, आज अमक्या ठिकाणी तीस होते! मला त्या आजी-आजोबांचा रागच यायला लागला. दादा मात्र नकाशावर कुठे पाणी आहे ते मधुराला वाचायला सांगे.

शेवटची संध्याकाळ आली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. आम्ही मुक्कामाच्या जवळच्या पाणवठ्याशी होतो, फाटक बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. सूर्य क्षितिजाला टेकत आला तसा दादाच्या डोळ्यांतला उजेडही गेला. मावळतीच्या उजेडात त्याला काहीच दिसत नसे. तरी तो काचेकडे तोंड करून बसला होता. आणि मागून मधुरा एकदम ओरडली, "बाबा, लुक! एलिफंट्स! देअर, निअर द वॉटर!" दादा ताडकन पुढे झुकला. मी बघितलं. पाण्याशी हत्ती नव्हते. मधुराने माझा हात घट्ट धरला होता, आणि मला लगेच कळलं. बारा वर्षांची पोर, बापाला रिकाम्या हाताने परत न्यायचं नाही, एवढंच तिला समजत होतं. मीसुद्धा "हो हो, दादा!" म्हणणारच होते.

वहिनीने मागे वळून बघितलं. रागावली नाही. "मधू, आहेत का खरंच?"

मधुराने माझा हात सोडला. "नो."

"मग सांगू नकोस बाळा. उद्या खरंच आले, तर बाबांना कळणार कसं?"

मधुरा मुसमुसून रडायला लागली. दादा थोडा वेळ तसाच पुढे झुकलेला राहिला, मग मागे टेकला. हात मागे करून त्याने चाचपडत लेकीचा गुडघा थोपटला. "बरं," तो म्हणाला. "मग काय आहे तिथे?" आणि वहिनीने सांगितलं. "पाणी आहे. आकाशाचा गुलाबी रंग पडलाय त्यात. दोन कोल्हे आलेत, एक पितोय, दुसरा उभा राहून आजूबाजूला बघतोय. आता त्यांनी पाळी बदलली." अगदी साध्या आवाजात. फाटकाची वेळ होईपर्यंत ती बोलत राहिली आणि तो ऐकत राहिला.

मी मात्र खवळले होते. मुक्कामी पोचल्यावर, ती बटाटे सोलत होती तेव्हा, मी तिला गाठलं. "एका हत्तीने तुझं काय बिघडलं असतं गं? कसला एवढा खरेपणाचा सोस?" तिने बटाटा पातेल्यात टाकला. "शैला, उद्या दिसायचं पूर्ण थांबलं, की त्यांच्याजवळ माझं बोलणंच राहणार. ते खोटं निघून कसं चालेल?" मग जरा थांबून, "मलाही वाटलं होतं हो म्हणावं," एवढं बोलून तिने दुसरा बटाटा घेतला.

सकाळी निघालो. ऊन स्वच्छ पडलं होतं. बाहेरच्या फाटकाकडे जाणारा खडीचा रस्ता, दादाचं "डावीकडे", वहिनीचं "हो", सगळं रोजचंच. मी मागे परतीच्या सामानाच्या विवंचनेत. आणि वहिनीने गाडी हळू केली, थांबवली, इंजिन बंद केलं.

"अहो. माझ्या बाजूला. हत्ती."

दादाने एक प्रश्नही विचारला नाही. तो वळला. वहिनीने सीट मागे सरकवली, पोट आत घेऊन पाठ टेकली, आणि तो तिच्या मांडीवरून झुकून खिडकीबाहेर बघू लागला. हत्ती रस्त्याला लागूनच उभा होता, इतका जवळ की त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. त्या पठारावरच्या मातीने सगळा पांढरा झालेला. ऐरावतच म्हणायचा! पण दादाच्या नजरेत तो एकदम मावणार कसा? तो तुकड्या-तुकड्याने बघत होता. "हा पाय… गुडघा… अगं, याला नखं आहेत!" मग, "हे काय, कान?" "कानच. आता थोडं माझ्याकडे, खाली," वहिनी सांगत होती. "सापडला. डोळा सापडला…" बराच वेळ तो त्या डोळ्यावरच थांबला. "पापण्या केवढ्या लांब आहेत गं याच्या." "पुढे चला. अजून. अजून. संपत नाही तो एवढ्यात." दादा हसायला लागला, हसता हसता त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. "एकच नाहीये," वहिनी म्हणाली. "मागून कळप येतोय. किती ते अजून दिसत नाही. एक पिल्लू आहे, आईच्या पोटाखालून चाललंय." मागून मधुराने बापाच्या गळ्यात हात टाकले. "रिअली, बाबा. दे आर रिअल. आय स्वेअर." दादाने तिच्या हातावर गाल टेकला. "शपथ कशाला?" म्हणाला. "आई म्हणाली ना."

कळप रस्ता ओलांडून जाईपर्यंत आम्ही थांबलो. वहिनीने एकदाही कॅमेऱ्याला हात लावला नाही, मला आणि मधुरालाही सुचलं नाही. त्या ट्रिपचे हत्तीचे फोटो आमच्याकडे नाहीत. परत आल्यावर दुबईच्या विमानतळाबाहेरच्या पहिल्याच राउंडअबाउटला वहिनी डावीकडून शिरायला निघाली, आणि दादा ओरडला, "उजवीकडे! घरी आलो आपण!"

नंतरच्या वर्षांत दादाची नजर मिटत मिटत गेली. ती कधी पूर्ण गेली ते आम्हाला नक्की सांगता येणार नाही, कारण घरात फार काही बदललं नाही. रात्री जेवण झालं की दोघं गॅलरीत उभी राहत आणि वहिनी जहाजं मोजून सांगे. टीव्हीवरची क्रिकेट मॅच ती सांगे; तिला क्रिकेट कळत नसे, त्यामुळे "तो पडला, चेंडू लांब गेला, सगळे एकमेकांना मिठ्या मारतायत" असं ते वर्णन असे, आणि दादाला ते समालोचकापेक्षा आवडे. मी दारातून आत शिरले की माझीही बातमी जाई. "शैलाने केस रंगवलेत. बरे नाही दिसत." मी म्हणायचे, "वहिनी, निदान मी बसेपर्यंत तरी थांब!" आता कुणीच काही बोलत नाही, आणि मी केस रंगवायचं सोडून दिलंय. तिच्या त्या फटकळ जिभेची मला एवढी आठवण येईल, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

तिला जाऊन महिना उलटल्यावर, एका शुक्रवारी दुपारी मधुरा मला सोडायला शारजाला निघाली. तिचं कॉलेज तिकडेच; पण महिनाभर आम्ही दोघीही दादापाशीच होतो. लायसन तिला गेल्या वर्षी मिळालं, पहिल्या झटक्यात, याचा वहिनीला अभिमान होता आणि थोडा हेवाही. दादा म्हणाला, मीही येतो, एकटा घरात काय करू. तो पुढे बसला, मी मागे. बसल्या बसल्या त्याने खिडकीवरचं हँडल पकडलं. वहिनीच्या गाडीत ते हँडल धरलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. फुजैरा संपलं, डोंगर सुरू झाले, मसाफीचा बाजार मागे पडला. त्याची बोटं घट्ट पकडून पकडून पांढरी झाली होती.

मग त्याने विचारलं. महिन्याभरात पहिल्यांदा. "शू फी?"

मधुरा रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली, "माउंटन्स, बाबा. सेम अॅज ऑल्वेज."

"आणि?"

"ट्रक्स."

"शमी आली का गं?"

मी पुढे बघितलं. रस्त्याचं रुंदीकरण चाललं होतं. कडेचा सगळा पट्टा खणून काढलेला, आणि जिथे शमी असायची तिथे नुसतं आभाळ. आरशातून मधुराने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते. "हो, आली" एवढं म्हणायचं होतं, कुणाचं काय गेलं असतं? दादाला कधीच कळलं नसतं. माझ्या ओठांवर शब्द आले होते, पण विचारलं तिला होतं. तिने गाडी हळू केली, कडेला घेतली, उभी केली.

"नाहीये, बाबा," ती म्हणाली. मराठीत. "शमी नाहीये. तोडली की दुसरीकडे हलवली, माहीत नाही."

बाजूने एक ट्रक धडधडत गेला, गाडी हलली. मग दादा म्हणाला, "बरं… मग काय आहे तिथे?"

मधुराने हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले आणि बाहेर नीट बघितलं. "तुमच्या बाजूला मोठा खड्डा आहे. माती ताजी आहे. एक पिवळं मशीन उभं आहे, चालू नाहीये, आज शुक्रवार ना. आणि शेळ्या आहेत, बाबा. त्याच शेळ्या. मशीनच्या सावलीत बसल्यात."

"किती आहेत?"

"थांबा, मोजते."

ती मोजत असताना दादाने हँडलवरचा हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.